बुधवारचा केक

१

माझ्या भावाला मोठेपणा मिरवायची हौस आहे आणि त्यामागची हमाली माझ्या वाट्याला येते, हे आमच्या घरात लहानपणापासून ठरलेलं आहे. मम्माला ऐंशी वर्षं पूर्ण होणार म्हटल्यावर साबिनोने जाहीर केलं, "यंदाचा वाढदिवस समुद्रावर! आपल्या बारीच्या बंदरातून जहाज पकडायचं, ग्रीसची बंदरं बघायची आणि आठवड्याने परत." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग खोल्या ठरल्या. साबिनो आणि त्याची बायको कात्या दहाव्या मजल्यावर, गॅलरी, पांढऱ्या खुर्च्या, समोर समुद्र. मम्मा आणि मी चौथ्या मजल्यावर, बिनखिडकीच्या खोलीत. "तसंही मम्माला उंचीवर गरगरतं," साबिनो म्हणाला. मम्मा गेली चाळीस वर्षं बारीत तिसऱ्या मजल्यावर राहते आणि तिच्या इमारतीला लिफ्ट नाही.

जहाजावर प्रत्येकाला एक कार्ड देतात. दाराशी एक खांब असतो, त्याला कार्ड टेकवलं की टिंग वाजतं आणि पहारेकऱ्यासमोरच्या पडद्यावर आपला फोटो येतो. बंदरात उतरताना एक टिंग, परत चढताना एक टिंग. कोण आत आहे, कोण बाहेर आहे, याचा हिशोब जहाजाला त्यावरून कळतो. मम्माच्या फोटोत तिचं तोंड उघडं आहे, कारण फोटो काढताना ती मला ओरडत होती. दर वेळी पडद्यावर तो फोटो आला की ती म्हणायची, "बघ, तुझ्यामुळे कशी दिसतेय मी!"

पहिलं बंदर कोर्फू. मम्माचा उजवा गुडघा वाकत नाही, त्यामुळे ती तो पाय काठीसारखा पुढे टाकत चालते आणि माझा डावा दंड असा आवळून धरते की रात्री वळ दिसतात. चर्च चढावर होतं, ते माझ्यामुळे. ऊन होतं, तेही माझ्यामुळे. कॉफी आली तर तिच्या बशीत साखरेच्या दोन पुड्या. मम्माने त्या मेलेलं झुरळ सरकवावं तशा बोटाने सरकवल्या. "साखर घातलेली कॉफी आजाऱ्यांनी प्यावी," ती म्हणाली. हे वाक्य मी छप्पन्न वर्षं ऐकत आलेय.

२

मंगळवारी पिरेउसला सकाळच्या न्याहारीत आमच्या टेबलाचा वाढपी वायान हसत आला. तो बालीचा, भला माणूस, इटालियन आमच्यापेक्षा गोड बोलतो. "सिन्योरा नुन्झिया, गुरुवारी वाढदिवस ना? मग आधीच तुम्हाला—"

मम्माने त्याला पुढे बोलूच दिलं नाही. एका हाताची दोन बोटं शिंगांसारखी खाली रोखली आणि दुसऱ्या हाताने टेबलाच्या लोखंडी पायाला स्पर्श केला. "गप्प बस, बाळा! दिवसाआधी एक शब्द काढू नकोस."

वायान ओशाळला. कात्या खुसखुसली. आता, वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा देऊ नयेत हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं, पण म्हणून कुणी बिचाऱ्याच्या अंगावर असं जात नाही. बंदरावरच्या बाकावर बसल्यावर मी मम्माला झापलं.

"अपशकुन अपशकुन म्हणून माणसाला किती घालूनपाडून बोलायचं?"

"अपशकुनाचं नाही गं," ती म्हणाली. "आदला दिवस माझा नाहीच मुळी. तो नुन्झियाचा."

हे मला ऐकून ठाऊक होतं, पण तिच्या तोंडून क्वचितच. आमच्या भागात पहिल्या मुलीला बापाच्या आईचं नाव द्यायचं. ती मुलगी गेली, तर नाव वाया घालवायचं नाही. पुढच्या मुलीला तेच. मम्माच्या आधी एक नुन्झिया होती, युद्धाच्या दिवसांत तापाने गेली, तीन वर्षांची. वर्षभराने मम्मा जन्मली, नेमकी तिच्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी. लहानपणी दर नोव्हेंबरात मम्माला स्मशानात नेऊन स्वतःच्याच नावाच्या दगडावर फुलं ठेवायला लावायचे.

"सारखी साखर मागायची म्हणे," मम्मा म्हणाली. "तेव्हा साखर होती कुठे? आई शेवटपर्यंत म्हणायची, एक चमचा तरी द्यायला हवा होता पोरीला." मग माझा दंड पकडून उठली. "चल. हा बाकही तू उन्हातलाच शोधलास."

३

केकची गोष्ट मी सांगते, कारण त्या कागदावर सही माझी आहे.

मदतखिडकीवरच्या मुलीने सांगितलं, गुरुवारी संध्याकाळी वरच्या डेकवर पांढऱ्या कपड्यांचा समारंभ आहे, भोजनगृह बंद. केक आणि गाणं हवं असेल तर बुधवारी किंवा शुक्रवारी. मी म्हटलं, शुक्रवार. मागून करायला कुणाचीच हरकत नसते.

"शुक्रवारी आमचं जहाजाच्या वरच्या मजल्यावरच्या हॉटेलात जेवण ठरलंय," साबिनो म्हणाला. "दोघांचंच. पैसे भरलेत. बुधवारी उरकून टाक."

"साबिनो, मम्माला आदल्या दिवशी चालणार नाही."

"रोझाल्बा, ती ऐंशीची आहे. तिला आज वार कोणता हे तरी कळतं का?"

तिला वारच काय, ताटलीत किती ऑलिव्ह होते तेही कळतं. पण त्या दिवशी मी पिरेउसच्या उन्हातून आले होते, दंड ठणकत होता, मागे रांग खोळंबली होती. मी म्हटलं, जाऊ दे, मरू दे, आणि सही केली. बुधवार.

बुधवारी दिवसभर ऱ्होड्स पाहिलं. संध्याकाळी सात वाजता गोड पदार्थांच्या वेळेला भोजनगृहातले दिवे मंदावले आणि वीसेक वाढपी रुमाल फिरवत, गात आमच्या टेबलाकडे आले. पुढे वायान, हातात केक, त्यावर मलईने लिहिलेलं 'नुन्झिया' आणि एक मेणबत्ती. आजूबाजूच्या टेबलांवरचे लोकही गायला लागले. शंभरएक माणसं एका सुरात तिचं नाव घेत होती.

मम्माने माझ्याकडे पाहिलं. तिचा राग मला पाठ आहे, तिच्या रागाचे सगळे प्रकार मी जेवणाच्या ताटासारखे ओळखते. हा राग नव्हता. ती घाबरली होती.

"फुंक मार, मम्मा!" साबिनो फोन धरून ओरडला.

मम्माने ओठ घट्ट मिटून घेतले आणि मान फिरवली. मी तिच्याकडे बघत होते, तिने फुंकर मारली नाही हे मी शपथेवर सांगेन. मेणबत्ती विझली. छान, एका दमात, वाकडी होऊन विझली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"गार हवेचा झोत आहे इथे," साबिनो म्हणाला, आणि वर पाहिलं तर झरोका होता खरा.

मम्माने केकला हात लावला नाही. झोपताना भिंतीकडे तोंड करून एवढंच म्हणाली, "निदान मला विचारायचंस."

मी दिवा मालवला.

४

गुरुवार. खरा वाढदिवस. जहाज इराक्लिओच्या धक्क्याला लागलं होतं. मी उठले तेव्हा मम्मा कपडे करून पलंगाच्या कडेला बसली होती, पर्स मांडीवर. तिने माझ्याकडे पाहिलं आणि वाट बघितली. कशाची ते मला कळत होतं. पण आदल्या रात्रीचं ते एक वाक्य मला अजून झोंबत होतं. इतकं राबायचं, आणि वर आपणच अपराधी! म्हटलं, आधी न्याहारी तर होऊ दे. मग बघू.

न्याहारीला वायानने तिच्यापुढे कॉफी ठेवली. मम्माने एक घोट घेतला आणि रुमालात थुंकला.

"हा पाक आहे!"

"तीन चमचे, सिन्योरा," वायान गोंधळून म्हणाला. "सकाळी सातला तुम्हीच सांगितलंत ना? दोन कप प्यायलात. म्हणालात, आता रोज अशीच आण."

"सातला आम्ही खोलीत होतो," मी म्हटलं.

"असेल," वायान म्हणाला. आपल्या पाहुण्यांशी वाद घालायचा नाही हे त्यांना शिकवलेलं असतं. पण कप उचलताना तो मम्माच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला.

मी मनाला समजावलं. एका जहाजावर तीन हजार माणसं, त्यातल्या निम्म्या चष्मेवाल्या म्हाताऱ्या. त्यालाही सगळ्या सारख्याच दिसत असतील, बिचाऱ्याचं काय चुकलं?

दाराशी मी कार्ड टेकवलं, टिंग. मम्माने टेकवलं. टिंग झालं नाही. मोटारीचा दरवाजा नीट न लागल्यावर वाजतं तसलं काहीतरी चिरकं वाजलं.

पहारेकरी नेपाळचा होता, गंभीर चेहऱ्याचा. त्याने पडदा पाहिला. "या कार्डाची बाई बाहेर गेलेली आहे. साडेसात वाजता."

"ही बाई तुमच्यासमोर उभी आहे."

त्याने फोटो पाहिला, मम्माला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. "मीच सोडलं," तो सावकाश म्हणाला. "एकट्याच होत्या. खूप हसत होत्या."

"माझी आई परक्यांशी हसत नाही," मी म्हटलं. हे मी रागाने म्हटलं. त्याने यंत्रावर दोन बटणं दाबली, मान हलवली आणि आम्हाला जाऊ दिलं. यंत्रं बिघडतात. आमच्या शाळेच्या कचेरीतलं हजेरीचं यंत्र तर वर्षातून चार वेळा मला गैरहजर ठरवतं.

५

त्या दिवशी मम्माने एकही तक्रार केली नाही. त्यामुळे मी जास्तच चिडले. सिंहांच्या कारंज्याजवळ आम्ही बसलो, मलईची गरम पुरी मागवली, ती थंड झाली. ऊन होतं, टोपी नव्हती, तरी एक अक्षर नाही. साबिनो आणि कात्या किनाऱ्यावर पोहायला गेले होते.

"रोझाल्बा," मम्मा म्हणाली, "म्हण ना एकदा."

"काय म्हणू?"

"ठाऊक आहे तुला. आज माझा दिवस आहे. आज एकदा कुणीतरी माझं नाव घेऊन म्हणायला हवं."

छप्पन्न वर्षांत तिने माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. ती मागत नाही, हुकूम सोडते. तिथेच मला कळायला हवं होतं. पण जीभ सैल सुटली की सुटली.

"काल शंभर माणसांनी म्हटलं की! तेव्हा तोंड फिरवून बसलीस. आता माझ्या एकटीच्या म्हणण्याने काय होणार आहे?"

तिने मान डोलावली. पर्समधून रुमाल काढला, चष्मा पुसला, आणि चौकाच्या पलीकडे बघत राहिली. मीही त्या बाजूला पाहिलं. फळांचं दुकान होतं, पर्यटकांचा घोळका होता. त्यात एक बाई आमच्याकडे पाठ करून उभी होती, मम्माच्याच निळ्या फुलांच्या झग्यासारखा झगा. तसले झगे बाजारात पैशाला पासरी मिळतात.

"निघू या," मम्मा म्हणाली. "मला गर्दीत बरं वाटत नाही."

६

धक्क्यावर जहाजवाल्यांनी कापडी मांडव घातला होता. आत चार खुर्च्या, लिंबू घातलेलं पाणी, थंड ओले पंचे. आम्ही जिन्यावरून वर गेलो. माझं कार्ड, टिंग. मम्माचं कार्ड, पुन्हा तोच चिरका आवाज.

"या बाई आत आहेत," पहारेकरी म्हणाला. "दहा मिनिटांपूर्वी चढल्या."

आता मात्र माझं टाळकं सरकलं. "अहो, सकाळी ही बाहेर होती तेव्हा तुम्ही आत... नाही, आत होती तेव्हा बाहेर म्हणालात, आता बाहेर आहे तर आत म्हणताय! चाललंय काय?"

"यांचं सरकारी ओळखपत्र दाखवा, सिन्योरा. मी दोन मिनिटांत नोंद दुरुस्त करतो."

ओळखपत्र खोलीतल्या तिजोरीत होतं. मम्मा वस्तू हरवते म्हणून मीच ठेवलं होतं. मागे रांग वाढत होती, जहाज सुटायला पाऊण तास होता. मम्माचा पाय थरथरत होता.

"मी खाली सावलीत बसते," ती म्हणाली. "तू आण जा. पण रोझाल्बा, लवकर ये हं."

"उडत येऊ का?" मी म्हटलं.

हे माझं तिच्याशी शेवटचं बोलणं असेल, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

लिफ्ट भरलेल्या. जिन्याने चौथा मजला गाठला. आमच्या खोलीबाहेरच चमचा कपात फिरवल्याचा आवाज आला. किणकिण, किणकिण, सावकाश, मजेत. मी दार उघडलं.

मम्मा पलंगावर बसली होती. बूट काढलेले. मांडीवर कॉफीचा कप, बशीत साखरेच्या तीन फाडलेल्या पुड्या.

"मम्मा? तू कशी आलीस वर?"

"चालत," ती म्हणाली आणि हसली. तोंड उघडून, सगळे दात दाखवत. "किती दमतेस गं तू! ये, बस."

तिने दोन्ही पाय पलंगावर घेऊन मांडी घातली होती. उजवा गुडघाही छान दुमडला होता.

७

मी धावत सुटले. ओळखपत्र घ्यायचंही भान राहिलं नाही. दाराशी पहारेकरी हात वर करून म्हणाला, "झालं, सिन्योरा, झालं! आपोआप दुरुस्त झालं. सगळे आत आहेत." पलीकडे जिना वर ओढायला घेतला होता.

"पण पाऊण तास होता!"

"वेळेआधी सगळे आले की वेळेआधी निघतो." तो पहिल्यांदाच हसला. "तुमच्या आईंची नोंद आत आहे."

"खाली कुणी राहिलंय का बघा! मांडवात! खुर्चीवर!"

त्याने वाकून पाहिलं. "मांडव गुंडाळलाय, सिन्योरा. कुणी नाही."

मी माझ्या मनाशी हिशोब मांडला. मम्मा उठली, त्यांनी तिला सोडलं, तिला लिफ्ट मिळाली, मला मिळाली नाही. कॉफी कुणीतरी आणून दिली. पाय... पाय दुखून दुखून कधीतरी सुन्न होतो, मग वळत असेल. सगळं जमत होतं. तरी मी कठड्याशी जाऊन उभी राहिले. साबिनो आणि कात्या ओले केस घेऊन तिथेच होते, हातात पेले.

जहाज आणि धक्का यांच्यात पाण्याची पट्टी दिसली. वाढत गेली. मांडव खरंच गुंडाळला होता. तीन खुर्च्या एकात एक ठेवल्या होत्या. चौथी बाजूला होती, आणि तिच्यावर कुणीतरी बसलं होतं. मांडीवर पर्स. उजवा पाय काठीसारखा सरळ पुढे. चेहरा वर माझ्याकडे, पण उन्हामुळे चष्म्याच्या काचा नुसत्या पांढऱ्या दिसत होत्या.

"साबिनो, ती बघ! खुर्चीवर!"

"कोण? कुठली खुर्ची?" तो डोळ्यांवर हात धरून म्हणाला. मला वाटतं, त्याने नीट पाहिलंच नाही. तो कधीच नीट बघत नाही.

"मम्मा!" मी ओरडले.

"काय गं?" माझ्या मागून आवाज आला. आणि माझ्या डाव्या दंडाभोवती एक हात आला, अलगद, अजिबात न आवळता.

मी मागे वळले नाही. खालच्या खुर्चीकडे बघत, होता नव्हता तेवढा जीव एकवटून मी ओरडले, "वाढदिवसाच्या शुभेच्छा, मम्मा! शुभेच्छा!"

त्याच क्षणी जहाजाचा भोंगा वाजला. लांबलचक, कान किटवणारा. माझं ओरडणं मलाच ऐकू आलं नाही.

भोंगा थांबल्यावर माझ्या कानाशी हलकेच हसण्याचा आवाज आला. "अगं वेडे, काल दिल्यास ना? अगदी वेळेवर दिल्यास."

८

वर्ष झालं. सगळे खूश आहेत. "समुद्राची हवा मानवली मम्माला," साबिनो भेटेल त्याला सांगतो. ती तीन मजले न थांबता चढते. शेजारणींशी हसते, कुणावर ओरडत नाही, कात्याचे गालगुच्चे घेते. मला दंडावर वळ नाहीत. दर आठवड्याला दोन किलो साखर लागते. डॉक्टर म्हणतात, रक्त अगदी लहान मुलासारखं आहे.

मी एकदाच साबिनोला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आयुष्यभर तिच्या तक्रारींची तक्रार केलीस. आता ती तक्रार करत नाही, तर त्याचीही तक्रार?"

उद्या मम्माचा वाढदिवस. ही मात्र आज सकाळपासूनच नवा झगा घालून, हात मांडीवर ठेवून केकची वाट बघत बसली आहे. साबिनो केक घेऊन निघालाय. त्याच्या मते एका दिवसाने काय बिघडतं?

मी थांबणार नाही. माझं तिकीट काढून झालंय. उद्या दुपारपर्यंत इराक्लिओच्या धक्क्यावर पोचेन, शुभेच्छा देईन, नाव घेऊन, नीट, मोठ्याने. तिथे कुणी नसणार, हे मला कळतं, मी काही खुळी नाही.

आणि असलीच, तर आधी माझी बिनपाण्याने करेल. एवढा उशीर? खुर्ची उन्हात का ठेवलीस? मी लवकर ये म्हटलं होतं ना? करू दे. मी उलट एक शब्द बोलणार नाही.